गणपूर्ती

पावसहून पूर्णगडाकडे येणाऱ्या माणसावर रस्ता विचारायची वेळ सहसा येत नाही. मुख्य रस्ता एकच, आणि तो मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून गावखडीत उतरतो. तरी कोणी विचारलंच, तर सांगणारा आधी गाडीची नंबरप्लेट वाचतो. एमएच-08 असेल तर हातानं दिशा दाखवून मोकळा होतो. एमएच-12 किंवा 47 असेल तर जवळ येतो, खिडकीवर कोपर टेकतो आणि विचारतो, "किल्लाच बघायचाय, की जागापण?"

किल्ला त्या मानानं लहान. बाहेर मारुती, दरवाजावर गणपती आणि चंद्रसूर्य, आत मोकळं मैदान, पश्चिमेला समुद्राकडे उघडणारा दरवाजा. अर्ध्या-पाऊण तासात बघून होतो. जागा बघायला निघालेला माणूस मात्र संध्याकाळपर्यंत परत येत नाही, आणि आला तरी त्याच्याबरोबर गेलेल्या माणसापेक्षा वेगळाच माणूस त्याला परत घेऊन येतो.

आमच्या पट्ट्यात जमिनीची दलाली कोण करत नाही, त्यांचीच यादी करणं सोपं. रिक्षावाला करतो. सलूनवाला करतो, कारण मुंबईहून आलेला चाकरमानी पहिल्यांदा त्याच्याच खुर्चीत बसतो आणि तोंडाला साबण लावलेला माणूस मनातलं बोलतो. भटजी करतात, कारण कोणाचा बाप कधी वारला आणि वारस किती, हे तलाठ्याच्या आधी त्यांना कळतं. आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदारसुद्धा कुंपणाशी थांबलेल्या गाडीला "शेठ, उधरवाला भी बेचना है" असं सांगून ठेवतो. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेऊन, प्रसादाची खिचडी खाऊन बाहेर पडलेल्या भाविकाला चपला सापडायच्या आत पाच गुंठ्यांचा भाव कळलेला असतो. गावखडीच्या किनाऱ्यावर मध्यस्थाशिवाय जागा घेणारी एकच जात आहे, ती म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवीण. रात्री येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, पहाटेच्या आत निघून जाते. सातबारा बघत नाही, टोकन देत नाही, आणि भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत बांधकाम चालत नाही हेही तिला कोणी सांगायला जात नाही. ते माणसांनाही सांगत नाहीत म्हणा. त्यांना 'सी टच' एवढंच सांगतात.

अशा या सगळ्यांची एक संघटना आहे. तिची सभा आमच्या पडवीत भरते. पडवी मोठी आहे हे एक कारण, आणि मी निवृत्त शिक्षक असून दलाल नाही हे दुसरं. सुरुवातीला सभा सभासदांच्या घरी आळीपाळीनं भरायची. पण ज्याच्या घरी सभा, त्याच्याकडे त्या दिवशी नेमकी 'पार्टी' आलेली असायची, आणि बाकीच्यांना वाटायचं की सभेच्या निमित्तानं यानं आपल्याला इथं अडकवून ठेवलं आणि याचा मुलगा तिकडे सड्यावर प्लॉट दाखवतोय. एकदा तर खरंच तसं होतं.

संघटना निघाली ती रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यामुळे. महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून महारेरा आलं आणि गावात बातमी आली ती अशी, की आता जमीन दाखवायलासुद्धा लायसन्स लागणार. त्याच साली शेजारच्या राजापूर तालुक्यात नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना निघालेली. ज्यांनी जन्मात आपल्या कातळाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते लोक एकरी दर बोलायला लागले होते. 2019 मध्ये ती अधिसूचना रद्द झाली, पुढे बारसू-सोलगावचं नाव निघालं, पण दर बोलायची सवय काही रद्द झाली नाही. अशा दिवसांत कोणीतरी रत्नागिरीहून ऐकून आलं की, 'तुमची संघटना असेल तरच तुमचं कोणी ऐकेल'. संस्था नोंदवायचा कायदा 1860 चा आहे आणि त्याला सात माणसं पुरतात. सात माणसं जमली. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि खजिनदार अशी सहा पदं वाटून झाल्यावर सातवा उरला तो नुसता सभासद. हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला आणि पुढच्या सभेला तो आला नाही. म्हणजे संस्थेच्या एकूण सामान्य सभासदांपैकी शंभर टक्के गैरहजर. मग त्याच्यासाठी प्रसिद्धीप्रमुख हे पद काढलं. पुढे सभासद वाढले, तशी पदं वाढली. आज आमच्याकडे 'संपर्कप्रमुख, पुलापलीकडील' असं एक पद आहे आणि त्या गृहस्थांचा फोन कायम व्यस्त लागतो.

पहिल्या वर्षी सगळ्या सभा एकाच विषयावर गाजल्या : आपल्याला रेरा लागू आहे की नाही? कायद्याप्रमाणे नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाला. नुसती कलमं असलेली बाग, वरकस जमीन किंवा आजोबांचं पडकं घर विकून देणारा त्यात येत नाही. प्रकल्पसुद्धा 500 चौरस मीटरपर्यंत किंवा आठ सदनिकांपर्यंत असेल तर नोंदवावा लागत नाही. आता पाच गुंठे म्हणजे 506 चौरस मीटर. वरच्या सहा मीटरांवर आमच्या पडवीत दोन तास वाद झाला आणि एकानं रस्त्याकडेची गडग्याची जागा वजा करून दाखवली. निम्म्या सभासदांचं म्हणणं पडलं की कायदा आपल्याला लागू नाही, तेव्हा संघटनेचीही गरज नाही. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं पडलं की कायदा लागू आहे, तेव्हा आपण संघटनेत आहोत हे कोणाला कळता कामा नये. दोन्ही बाजू यायच्या थांबल्या.

2023 मध्ये महारेरानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, तेव्हा थोडी धुगधुगी आली. ज्यांना मुंबई-पुण्याच्या बिल्डरांचे प्लॉट विकायचे होते ते पेपरला बसणार म्हणून त्यांचा माझ्याकडे अभ्यासवर्ग सुरू झाला. साठी उलटलेला, पन्नासेक व्यवहार नुसत्या शब्दावर केलेला माणूस पडवीत मांडी घालून 'चटई क्षेत्र' म्हणजे काय ते पाठ करत होता. "गुरुजी, चटई अंथरली की जेवढं झाकलं जातं तेवढंच ना?" मी म्हटलं, जवळजवळ. तो वर्ग मात्र कधी चुकला नाही कोणी. परीक्षा झाली, प्रमाणपत्रं आली, वर्ग बंद आणि सभेला येणंही बंद.

तेव्हापासून 'सभासदांचा सहभाग वाढवणे' हा विषय आमच्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेवर आहे आणि त्यावर चर्चा करायला कोणी येत नाही.

पहिली अडचण तारखेची. कोकणात सभेला तारीख काढणं म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला समजणार नाही. डिसेंबर-जानेवारीत मोहोर असतो, माणूस फवारणीच्या पंपाला जोडलेला. मार्च-एप्रिलमध्ये आंबा उतरायला लागतो. पेट्या, पेंढा, टेम्पो. मध्येच शिमगा, पालखी घरी यायची म्हणजे घर सोडता येत नाही. मे महिन्यात चाकरमानी आलेले, म्हणजे धंद्याचे दिवस. त्या दिवसांत सभा ठेवणाऱ्या सचिवाला लोक वेड्यात काढतील. मिरग लागला की पेरणी, लावणी. आमचे काही सभासद मच्छीमार आहेत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ते बिचारे रिकामे असतात आणि "आता ठेवा की सभा" म्हणतात, पण तेव्हा बाकीचे गुडघाभर चिखलात. ऑगस्टात ते समुद्रावर गेले की हे मोकळे होतात, पण गणपती तोंडावर. गणपतीत पुन्हा चाकरमानी, पुन्हा धंदा. मग दिवाळी. दिवाळीनंतर थंडी पडली की मोहोराचे ढग बघत बसायचं.

या सगळ्यातून एकच फट सापडली : पितृपक्ष. पितृपक्षात कोणी टोकन देत नाही, साठेखत करत नाही, जागा बघायलासुद्धा बाहेर पडत नाही. तेव्हा आमची वार्षिक सर्वसाधारण सभा पितृपक्षात असते. फक्त घरोघरी म्हाळ असतात. भाजणीचे वडे, खीर असं चापून माणूस पाच वाजता पडवीत येऊन टेकतो आणि जमाखर्च वाचून होईपर्यंत भिंतीला डोकं लावून घोरायला लागतो. ठराव एकमतानं मंजूर होतात ते त्यामुळे.

दुसरी अडचण गणपूर्तीची. प्रत्येक सूचनापत्राच्या तळाशी एक वाक्य छापलेलं असतं : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासानंतर त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. कार्यक्रमपत्रिका कोणी वाचत नाही, हे वाक्य सगळे वाचतात. सभासदाचा हिशेब सरळ आहे. पाचची सभा तहकूब होणार, साडेपाचची माझ्यावाचून होणार, भजी सहाला येणार. तेव्हा सहाला जावं. अध्यक्ष, सचिव आणि मी असे तिघं पाच ते साडेपाच समोरासमोर बसतो. अध्यक्ष घड्याळाकडे बघून म्हणतात, "सभा तहकूब." मग आम्ही तिघं तसेच बसून राहतो आणि अर्ध्या तासानं अध्यक्ष म्हणतात, "सुरू." हा विधी मी एवढ्या वेळा पाहिला आहे की पाच ते साडेपाच या वेळात पडवीत चालतं ते काय, असा प्रश्न मला पडतो. कायद्यानं तेव्हा आम्ही तिथं नसतोच.

सहभाग वाढवण्यासाठी काय केलं नाही? सत्कार केले. सत्काराला ज्याचा सत्कार तोच फक्त आला आणि शाल-श्रीफळ घेऊन "एक पार्टी थांबलीये" म्हणून गेला. तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं. वकीलसाहेब रत्नागिरीहून आले, कुळकायद्यावर सुंदर बोलले, आणि ऐकायला आलेल्या चौघांनी नंतर त्यांना बाजूला घेऊन आपापल्या एकेका जमिनीबद्दल फुकटात विचारून घेतलं, तेही एकमेकांना ऐकू जाऊ नये म्हणून चिंचेखाली, पडवीमागे, विहिरीपाशी असे पांगून. वर्गणीत सूट दिली. जे भरतच नव्हते त्यांनी सूट मान्य केली. सहल काढली. सहलीला मात्र पंधरा जण आले, कारण सहल दापोलीला होती आणि तिकडचे दर काय चाललेत ते प्रत्येकाला बघायचं होतं.

माझी भाची न्यू जर्सीत घरं विकते. ती आली होती तेव्हा मी तिला विचारलं, तुमच्याकडे संघटनेत माणसं येतात कशी? ती म्हणाली, मामा, न येऊन सांगतात कोणाला. तिकडे 1908 साली शिकागोत अशाच स्थानिक मंडळांनी मिळून राष्ट्रीय संघटना काढली, आज तिचे सभासद दहा लाखांच्या वर आहेत. त्यामागची गोम म्हणजे सामाईक यादी. ज्याच्या हातात घर विकायला येईल त्यानं ते या यादीत घालायचं. दुसऱ्या कोणी गिऱ्हाईक आणलं तर कमिशन वाटून घ्यायचं, असा 2024 पर्यंत नियमच होता. आणि ही यादी बहुतेक ठिकाणी त्या मंडळांच्याच हातात. म्हणजे वर्गणी भरली नाहीत तर संघटना रुसत नाही, यादी उघडत नाही एवढंच.

हे मी पुढच्या सभेत सांगितलं. सहा वाजून गेले होते, त्यामुळे नऊ-दहा जण होते. भज्यांवरचे हात थांबले. थोड्या वेळानं संपर्कप्रमुख (पुलापलीकडील) म्हणाले, "म्हणजे आपल्याकडची जागा आपणच ह्यांना सांगायची?"

"हो."

"सर्व्हे नंबरासकट?"

"हो."

"आणि मालकाचं नाव?"

मी मान हलवली. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला. त्या खिशात त्यांचं सगळं भांडवल असतं. चार घड्या घातलेला, घामानं मऊ पडलेला, कडा फाटलेला सातबारा. माझ्या पडवीतल्या प्रत्येक माणसाच्या खिशात तसा एक कागद आहे, आणि मी जवळजवळ खात्रीनं सांगतो की त्यातले निम्मे एकाच जमिनीचे आहेत. पण हे कळायला दोघांनी एकाच वेळी खिशातून कागद काढायला हवा, आणि ते कोकणात व्हायचं नाही. ॲडम स्मिथनं 1776 साली लिहून ठेवलं की, एका धंद्यातली माणसं गंमत म्हणून जरी एकत्र जमली तरी शेवटी ग्राहकाच्या विरुद्ध कट करूनच उठतात. स्मिथ स्कॉटलंडचा. तो जर पूर्णगडात राहिला असता तर त्याला वेगळं लिहावं लागलं असतं. आमची माणसं एकत्र जमली की प्रत्येक जण दुसऱ्याच्या विरुद्ध कट करतो आणि ग्राहक त्यात आपोआप वाचतो. अमेरिकेतल्या त्या संघटनेला कमिशनच्या नियमांवरून चाललेले दावे मिटवायला 2024 साली 41 कोटी 80 लाख डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं. ही पाळी आमच्यावर येण्याची सुतराम शक्यता नाही. त्यासाठी आधी दोघांचं एका टक्केवारीवर एकमत व्हावं लागेल.

मला गंमत वाटते ती निराळीच. माणसं गोळा करणं हे काम या महाराष्ट्रात कोणाला खरोखर येत असेल, तर ते या पडवीत न येणाऱ्या माणसांना. कोकणातला सातबारा बघा. वर कधीच वारलेल्या आजोबांचं नाव, खाली चुलते, आत्या, आत्यांची मुलं, एक सून, तिचं दुसरं नाव. हिस्से कोणाला ठाऊक नाहीत, आणेवारीवरून दोन पिढ्या बोलत नाहीत. एक जण डोंबिवलीला, एक बोरिवलीला, एक मस्कतला, एक कोल्हापूरला असतो म्हणतात पण पत्ता नाही. एखाद्या नवीन सचिवाला सांगा, या तीस-बत्तीस जणांची एका दिवशी, एका ठिकाणी, शंभर टक्के हजेरी लागली पाहिजे, तहकुबी नाही, अर्ध्या तासाची सवलत नाही, एक कमी पडला तर सगळं फुकट. तो राजीनामा देईल. आमचा दलाल ते करून दाखवतो.

कसं करतो ते मी जवळून पाहिलं आहे. मे महिन्यात तो प्रत्येकाकडे एक पेटी पाठवतो, आणि पेटी पोचली का विचारायला फोन करतो, जमिनीचं नाव काढत नाही. सगळ्यात रुसलेल्या काकांकडे सगळ्यात आधी जातो आणि म्हणतो, "तुम्ही सही केलीत तर बाकीचे करतील. तुमच्या शब्दाबाहेर कोण आहे?" मग हेच वाक्य घेऊन तो बाकीच्या एकतीस जणांकडे जातो. गणपतीत सगळे गावी आलेले असताना आरतीला तिथं जातो, टाळ घेतो, चार आरत्या म्हणतो. दस्ताच्या दिवशी सकाळी सहाला गाडी दारात. ऐंशी वर्षांच्या आत्याबाईंना खुर्चीसकट उचलून मागच्या सीटवर. रत्नागिरीच्या नोंदणी कार्यालयाबाहेर सगळ्यांना वडापाव, पथ्यवाल्यांना इडली. आत्याबाईंचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, कारण जन्मभर भात लावून, नारळ सोलून, शेणानं सारवून त्यावर रेषा राहिलेल्याच नाहीत. दलाल रुमाल ओला करून अंगठा पुसतो. खोबरेल लावतो. उजवा झाला, डावा झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं. "आत्या, जरा दाबा. आत्या, हलवू नका. आत्या, श्वास सोडा." एवढ्यात सर्व्हर बंद पडतो. कोणी उठून जात नाही. बोरिवलीकर पुतण्या चिडायला लागला की त्याला बाहेर नेऊन चहा पाजतो, आणि दोन वर्षं न बोलणाऱ्या भावांना शेजारी बसवून मध्ये स्वतः बसतो. संध्याकाळी पाच वाजता शेवटची पावती हातात येते.

बत्तीसपैकी बत्तीस. आणि त्याच पाच वाजता तो स्वतः आमच्या सभेला येत नाही.

आमचे सध्याचे सचिव तरुण आहेत आणि डोक्यानं तल्लख. त्यांनी हे ओळखलं. सूचनापत्र छापणं बंद केलं आणि प्रत्येक सभासदाच्या घरी जाऊन सांगितलं, "भाऊ, तुम्ही आलात तर बाकीचे येतील. तुमच्या शब्दाबाहेर कोण आहे?" पुढच्या सभेला तुडुंब गर्दी. पण भज्यांची पहिली फेरी होते न होते तोच एकानं दुसऱ्याला विचारलं, तुला काय म्हणून बोलावलंन? दुसऱ्यानं तिसऱ्याला विचारलं. पडवीभर वाक्य तेच निघालं. कोणी रागावलं नाही. उलट धंद्यातलं कसब बघून दोघा-तिघांनी सचिवांची पाठ थोपटली. पण पुन्हा काही ते औषध लागू पडलं नाही. वैद्यालाच काढा पाजायचा तर चव बदलावी लागते.

चव बदलली ती अध्यक्षांनी, आणि तीही नकळत. कंटाळून एकदा ते म्हणाले, "किती दिवस गुरुजींची पडवी वापरायची? संस्थेची स्वतःची जागा हवी. तीन गुंठे पुरेत."

ही सभा तिघांचीच होती. बातमी बाहेर कशी गेली ते मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात मी पाचला पाच कमी असताना पडवीत आलो, तर बसायला जागा नव्हती. तिसऱ्या वर्षापासून न दिसलेला माजी प्रसिद्धीप्रमुख पहिल्या रांगेत. मच्छीमार सभासदांनी होडी लवकर लावलेली. दोघांनी थकलेली वर्गणी आपण होऊन भरली, पावती मागून घेतली. आणि मग मी जन्मात न पाहिलेली गोष्ट पाहिली. खिशांतून घड्या उलगडल्या. एकामागून एक सातबारे पडवीतल्या सतरंजीवर पसरले. प्रत्येकाकडे संस्थेसाठी एकदम योग्य, रोड टच, क्लिअर टायटल, मालक घाईत असलेली जागा होती. त्यातल्या तीन जागा एकच होत्या. तीन माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि ती सामाईक यादी, जी माझ्या भाचीच्या देशात केव्हाची आहे, ती आमच्या सतरंजीवर साधारण दीड मिनिट अस्तित्वात होती.

मग निवृत्त तलाठी उठले. ते आमचे मानद सल्लागार, बोलतात कमी. त्यांनी चष्मा पुसला आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, या सगळ्या जमिनी शेतीच्या आहेत, आणि कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यानंच घ्यायची; संस्था शेतकरी नाही. दोन, तुकडेबंदी. 2023 पासून जिरायत 20 गुंठ्यांच्या आणि बागायत 10 गुंठ्यांच्या खाली तुकडा पाडता येत नाही; तीन गुंठ्यांचा दस्त होणार कसा? म्हणजे जमिनीच्या धंद्यातल्या माणसांच्या संघटनेला जमीन घेता येत नाही.

मला वाटलं, आता सगळे उठतील. कोणी उठलं नाही. हे अडथळे म्हणजे यांचा रोजचा धंदा. एक म्हणाला, बिगरशेती प्लॉट घेऊ. दुसरा म्हणाला, बिगरशेती आहे तो पुलापलीकडे. संपर्कप्रमुख (पुलापलीकडील) यांनी त्या दिवशी प्रथमच तोंड उघडलं आणि म्हणाले, मग काय झालं? पूर्णगडकर म्हणाले, संस्था गावखडीत गेली तर आम्ही येणार नाही. आजवर जे येत नव्हते, तेच हे म्हणत होते. प्रश्न पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेला त्याहून जास्त माणसं. त्याच्या पुढच्या सभेला मला शेजारून सतरंजी आणावी लागली. सचिवांनी कार्यक्रमपत्रिकेवर 'संस्थेच्या जागेबाबत (मागील सभेवरून पुढे)' हा विषय मुद्दाम शेवटी टाकायला सुरुवात केली आहे, त्यामुळे आधीचं इतिवृत्त, जमाखर्च, महारेराची नवी परिपत्रकं हे सगळं लोक निमूट ऐकतात. जागा मिळू नये असं सचिवांच्या मनात आहे की काय, अशी मला शंका आहे, पण मी ती बोललो नाही. पडवी माझी असली तरी भजी संस्थेची आहेत.

परवाच्या सभेत गाडी कमिशनवर आली. अध्यक्ष म्हणाले, संस्था आपलीच, तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन-दोन टक्के घेणं काही बरं दिसणार नाही. एकाच बाजूनं घ्या.

"कुठल्या?" तिघांनी एकदम विचारलं.

यावर एकमत होईना. अध्यक्षांनी सवयीनं घड्याळ पाहिलं आणि सभा तहकूब केली. कोणी हललं नाही. एकाला बाहेर जायचं होतं, तो अर्धवट उठला, बाकीच्यांकडे बघितलं आणि पुन्हा बसला. आधी उठेल त्याच्या पाठीमागे सौदा ठरेल, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. साडेसात झाले, आठ वाजले. कोणाचा फोन वाजला तर तो तिथंच, सगळ्यांसमोर, "हो, हो, नंतर" एवढंच बोलत होता. बाहेर अंधार झाला, मी पडवीतला दिवा लावला.

आतून बायको दारापर्यंत आली आणि हळूच मला म्हणाली, "अहो, भात किती जणांचा टाकू?"

सचिवांनी उठून हजेरीवही तिच्या हातात दिली.